वाहनाचा घसारा आणि इंधनाची निवड

वाहनाचा घसारा म्हणजे वापर, वय, झीज आणि बाजारातील बदल यांमुळे वाहनाच्या मूल्यात कालांतराने होणारी घट होय. वाहन विकत घेताना दिलेली एकूण रक्कम आणि ते विकताना हाती येणारी रक्कम यांतील फरक हा मालकाच्या दृष्टीने प्रत्यक्ष घसारा असतो. इंधन, दुरुस्ती व विमा यांवरील खर्च वेळोवेळी खिशातून जातो, म्हणून तो जाणवतो. घसारा मात्र विक्रीच्या दिवशी एकदम दिसतो. त्यामुळे पेट्रोल, सीएनजी व डिझेल यांतून निवड करताना ग्राहक बहुधा प्रतिकिलोमीटर इंधनखर्चाची तुलना करतात आणि घसारा हिशेबातून सुटतो. खासगी मोटारीच्या बाबतीत पहिल्या पाच वर्षांत हाच खर्च अनेकदा सर्वांत मोठा ठरतो.

या लेखात घसाऱ्याच्या भारतातील प्रचलित मोजणी-पद्धती, इंधनाच्या प्रकाराचा पुनर्विक्री मूल्यावर होणारा परिणाम आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भात इंधननिवडीचा विचार दिला आहे.

संज्ञा

लेखाशास्त्रात ‘घसारा’ ही संज्ञा स्थिर मालमत्तेच्या किमतीचा जो भाग दरवर्षी खर्च म्हणून दाखवला जातो त्यासाठी वापरतात. व्यवहारात मात्र ‘गाडीची किंमत उतरली’ एवढाच तिचा अर्थ घेतला जातो. हे दोन अर्थ वेगळे आहेत. वहीतील घसारा नियमाने ठरतो, तर बाजारातील घसारा घेणारा आणि विकणारा यांच्या सौद्यातून ठरतो.

अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. भारतात ‘गॅसची गाडी’ म्हटल्यास सीएनजी किंवा एलपीजीवर चालणारे वाहन समजले जाते. परदेशी लेखनातील ‘गॅस की डिझेल’ हा वाद त्यामुळे मराठीत ‘पेट्रोल की डिझेल’ असा वाचावा लागतो.

मोजणीच्या पद्धती

भारतात एकाच वाहनाचा घसारा हेतूनुसार वेगवेगळ्या रीतींनी मोजला जातो.

आयकर : आयकरासाठी ऱ्हासमान शेष पद्धत वापरली जाते. या पद्धतीत दरवर्षी शिल्लक मूल्यावर ठरावीक टक्के घसारा काढतात. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीस सर्वसाधारण दर १५ टक्के, तर भाड्याने चालवण्याच्या व्यवसायातील बस, मालमोटार व टॅक्सी यांस ३० टक्के आहे. खरेदीच्या वर्षी वाहन १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरले असल्यास त्या वर्षी निम्माच दर मिळतो. केवळ घरगुती वापराच्या मोटारीवर ही वजावट मिळत नाही. दहापर्यंत मालवाहू वाहने असणारा मालक अनुमानित उत्पन्नाचा पर्याय निवडू शकतो. तसे केल्यास घसारा त्या अनुमानातच वजा झाल्याचे मानले जाते आणि वेगळी वजावट मागता येत नाही.

कंपनी कायदा : कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मोटारीचे उपयुक्त आयुष्य ८ वर्षे आणि भाड्याने चालवल्या जाणाऱ्या मोटारी, बस व मालमोटारींचे ६ वर्षे दिले आहे. आयुष्याच्या शेवटी राहणारे अवशिष्ट मूल्य सर्वसाधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक धरले जात नाही. सरळ रेषा पद्धतीत दरवर्षीचा घसारा समान असतो.

विमा : वाहन पूर्णतः नष्ट झाले किंवा चोरीस गेले तर मिळणारी रक्कम विमाकृत घोषित मूल्यावर (आयडीव्ही) ठरते. हे मूल्य उत्पादकाच्या घोषित विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असे हे कोष्टक आहे. त्यापुढे विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने मूल्य ठरते.

दहा लाख रुपये किमतीच्या वाहनाचे पाच वर्षे पूर्ण होताना या पद्धतींनी येणारे मूल्य असे :

| पद्धत | शिल्लक मूल्य (रुपये) |
|---|---|
| आयकर, १५ टक्के | ४,४३,७०५ |
| आयकर, ३० टक्के (भाड्याचे वाहन) | १,६८,०७० |
| कंपनी कायदा, ८ वर्षे, सरळ रेषा | ४,०६,२५० |
| विमाकृत घोषित मूल्य | ५,००,००० |

(आयकराच्या दोन्ही ओळींत पहिल्या वर्षी पूर्ण दर धरला आहे.)

या कोष्टकात पेट्रोल आणि डिझेल असा भेद कोठेही नाही. बाजार मात्र तो करतो. त्यामुळे सरकारी किंवा विम्याच्या कोष्टकावरून कोणत्या इंधनाचे वाहन अधिक किंमत टिकवील याचा अंदाज बांधता येत नाही.

‘झीरो डेप’ या नावाने ओळखले जाणारे विमा संरक्षण वाहनाचा बाजारातील घसारा थांबवत नाही. दुरुस्तीच्या दाव्यात रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, तर फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. अशी कपात टाळणे एवढाच या संरक्षणाचा हेतू असतो.

इंधनानुसार घसाऱ्यातील फरकाची कारणे

खरेदीची किंमत : डिझेल इंजिनात संपीडनाचा दाब अधिक असतो. त्याचे भाग भक्कम आणि इंधन-प्रक्षेपण यंत्रणा महाग असते. त्यामुळे त्याच प्रतीचे डिझेल वाहन पेट्रोल वाहनापेक्षा महाग पडते. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरावयाचा एकरकमी मोटार वाहन करही डिझेलवर अधिक आहे. व्यक्तीच्या नावावरील मोटारीस किमतीच्या टप्प्यांनुसार पेट्रोलसाठी ११ ते १३ टक्के आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के असे दर आहेत. नोंदणीच्या दिवशीच हा कर खर्ची पडतो, म्हणून मालकाच्या हिशेबात तो पहिल्या दिवसाचा घसारा ठरतो.

इंधनाच्या दरातील तफावत : जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, परंतु डिझेलचे नियंत्रण चालू राहिले. २०१२ मध्ये दिल्लीत या दोन इंधनांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत डिझेलचा वाटा निम्म्याहून अधिक झाला आणि जुन्या डिझेल गाड्यांनाही चांगला भाव मिळू लागला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि अंतर कमी होत गेले. जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेलचा दर प्रथमच पेट्रोलच्या वर गेला. ज्या तफावतीच्या भरवशावर जादा किंमत मोजली होती, ती तफावत वाहन विकण्यापूर्वीच आटली.

प्रदूषणविषयक मानके : १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली. डिझेल वाहनांत काजळी अडवणारी गाळणी (डीपीएफ) आणि काही वाहनांत युरियाच्या द्रावणावर चालणारी शुद्धीकरण यंत्रणा आवश्यक ठरली. किंमत आणि देखभालखर्च दोन्ही वाढले. मारुती सुझुकीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल मोटारी थांबवण्याचे जाहीर केले होते. डीपीएफमधील काजळी जाळण्यासाठी इंजिन पुरेसे तापावे लागते. गावातल्या गावात थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबते. अशा वापराची जुनी डिझेल गाडी जाणकार ग्राहक कमी भावातच मागतो.

वयाची बंधने : दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीविषयी न्यायालयाने नवे आदेश दिले. ही बंदी महाराष्ट्रात नाही. येथे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करता येते. त्या वयानंतर पर्यावरण कर भरावा लागतो. मात्र अशा बंदीच्या बातमीनेही दूरच्या बाजारात ग्राहक सावध होतो.

नव्या वाहनाच्या किमतीत घट : जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल, तसेच १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. त्यापूर्वी तो २८ टक्के असून त्यावर उपकर होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीचा भाव मालकाची काहीही चूक नसताना खाली येतो.

सीएनजी वाहनांचा इंधनखर्च कमी असतो. परंतु टाकीमुळे सामानाची जागा घटते आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. पंप जवळ असलेल्या शहरात अशा वाहनाला मागणी असते आणि पंप दूर असलेल्या तालुक्यात तीच गाडी पडून राहते.

टक्केवारी आणि रुपये

डिझेल वाहन ‘किंमत धरून ठेवते’ हे विधान टक्केवारीच्या भाषेत अनेकदा खरे असते, पण त्यावरून नुकसान कमी होते असे सिद्ध होत नाही. पुढील उदाहरणातील आकडे स्पष्टीकरणासाठी मानलेले आहेत.

एका प्रतीच्या पेट्रोल मोटारीची सर्व करांसह किंमत ११,००,००० रुपये आणि डिझेलची १२,७५,००० रुपये आहे. पाच वर्षांनी त्या अनुक्रमे ५,५०,००० आणि ६,७५,००० रुपयांना विकल्या जातात. पेट्रोल मोटारीचा घसारा ५० टक्के झाला आणि डिझेलचा सुमारे ४७ टक्के. टक्केवारीत डिझेल सरस दिसते. रुपयांत मात्र पेट्रोल मोटारीच्या मालकाचे ५,५०,००० आणि डिझेलच्या मालकाचे ६,००,००० गेले, म्हणजे डिझेलला ५०,००० रुपये अधिक लागले.

यात डिझेलचा जादा देखभालखर्च वर्षाला ५,००० प्रमाणे २५,००० रुपये आणि जादा गुंतवलेल्या १,७५,००० रुपयांवरील ८ टक्के सरळव्याज पाच वर्षांचे ७०,००० रुपये मिळवावेत. एकूण जादा खर्च १,४५,००० रुपये, म्हणजे वर्षाला २९,००० रुपये होतो.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि अ‍ॅव्हरेज १४ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ७.५० रुपये खर्च येतो. डिझेल ९० रुपये लिटर आणि अ‍ॅव्हरेज १८ किलोमीटर धरल्यास तो ५ रुपये येतो. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. २९,००० रुपये भरून काढण्यासाठी वर्षाला ११,६०० किलोमीटर धाव व्हावी लागते. त्याहून कमी धाव असल्यास पेट्रोल आणि अधिक असल्यास डिझेल स्वस्त पडते.

आता पाच वर्षांत डिझेलची मागणी ओसरून तीच गाडी ६,७५,००० ऐवजी ५,००,००० रुपयांना विकली गेली असे मानले, तर जादा खर्च ३,२०,००० रुपयांवर जातो आणि बरोबरी साधण्यासाठी वर्षाला २५,६०० किलोमीटर धाव लागते. इंधनाचे दर व अ‍ॅव्हरेज तेच राहूनही केवळ पुनर्विक्री मूल्याच्या बदलाने निर्णय उलटू शकतो. म्हणून इंधनाच्या बचतीइतकाच पुनर्विक्रीचा सावध अंदाज महत्त्वाचा मानला जातो.

खानदेशातील संदर्भ

धुळे येथे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. दुसरा महामार्ग पुढे जळगाव व भुसावळकडे जातो. रावेर व यावल परिसरातील केळी, तापीच्या दोन्ही तीरांवरील कापूस आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांची प्रवासी वाहतूक यांमुळे या भागात दीर्घ धाव आणि जड भार असलेल्या वाहनांना काम मिळते. अशा कामासाठी डिझेलचा कमी वेगातील जोर उपयोगी पडतो. १९९४ ते २०१९ या काळात तयार झालेली टाटा सुमो आणि २००० मध्ये आलेली महिंद्रा बोलेरो ही ग्रामीण प्रवासी वाहतुकीतील ओळखीची डिझेल वाहने होत. २००५ मध्ये आलेला व ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस प्रथम डिझेलवर चालणारा होता. पुढे त्याचे सीएनजी व पेट्रोल प्रकारही आले.

परंतु याच प्रदेशात गाडीचे दोन भिन्न उपयोग दिसतात. केळीची वाहतूक करणारा पिकअप किंवा रोज तालुक्याच्या गावी फेऱ्या मारणारी जीप वर्षाला हजारो किलोमीटर धावते. तिचा घसारा मुख्यतः धावेने होतो आणि प्रत्येक किलोमीटर उत्पन्न देतो. याउलट जळगाव किंवा धुळे शहरातील नोकरदार कुटुंबाची मोटार कार्यालय, बाजार, लग्नसराई आणि वर्षातून एखादी लांबची यात्रा एवढीच चालते. तिचा घसारा मुख्यतः वयाने होतो. गाडी दारात उभी असली तरी तिचे वय वाढतच असते. शेजारच्या व्यावसायिकाला डिझेल परवडते म्हणून कुटुंबालाही ते परवडेल, हे अनुमान त्यामुळे चुकीचे ठरते.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सावलीत न ठेवलेल्या वाहनाचा रंग, रबराचे भाग, टायर व बॅटरी लवकर खराब होतात. वाहन पाहणारा ग्राहक इंजिनाआधी हेच भाग पाहतो, म्हणून इंधन कोणतेही असले तरी येथील ऊन भावात मोजले जाते.

जळगावचा नोंदणी क्रमांक एमएच १९, धुळ्याचा एमएच १८ आणि नंदुरबारचा एमएच ३९ ने सुरू होतो. गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमा जवळ असल्या तरी परराज्यात विक्री करताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आणि तेथील कर यांचा खर्च येतो. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, तर कर्ज फिटल्यावर आरसीवरील बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. बोजा न उतरवलेली गाडी बाजारभावाने विकली जात नाही.

कर्ज आणि घसारा

वाहनाचे मूल्य पहिल्या वर्षांत वेगाने उतरते, तर कर्जाचे मुद्दल त्याच काळात सावकाश फिटते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो. दहा लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो. तीन वर्षे नियमित हप्ते भरूनही सुमारे ६,५५,००० रुपये देणे राहते. वाहनाची घोषित किंमत दहा लाख असल्यास चौथ्या वर्षाचे विमाकृत घोषित मूल्य कोष्टकानुसार ६,००,००० रुपये होते. त्या वर्षी गाडी चोरीस गेली, तर विम्याची पूर्ण रक्कम मिळूनही सुमारे ५५,००० रुपये कर्ज अंगावर राहते आणि गाडीही जाते. डिझेल वाहनासाठी जादा कर्ज घेतल्यास ही तूट वाढते. अधिक रक्कम स्वतःची भरणे आणि मुदत कमी ठेवणे हे यावरचे सरळ उपाय होत. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जादा संरक्षण ठरावीक वयापर्यंतच्या वाहनांना मिळते.

मोटारघरांतील घसारा

झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या वाहनास मोटारघर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. इंधननिवडीचा प्रश्न यात अधिक ठळकपणे दिसतो. अमेरिकेत मोठी पेट्रोल मोटारघरे बहुधा फोर्ड कंपनीच्या सांगाड्यावर बांधली जातात. इंजिन मागच्या बाजूस असलेली डिझेल मोटारघरे त्यांच्यापेक्षा बरीच महाग असतात. डिझेल इंजिन लाखो किलोमीटर टिकू शकते, परंतु सुटीपुरते मोटारघर वापरणारे कुटुंब तेवढे अंतर कधीच कापत नाही. दरम्यान छताची गळती, लाकडी फर्निचर, नळ व विजेची जोडणी यांची झीज वयाने होतच राहते. इंजिन ठणठणीत असतानाही घराचा भाग जुना झाल्याने वाहनाचा भाव पडतो.

भारतात मोटारघरांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. येथील मोटारघरे बहुतांशी पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारख्या डिझेल वाहनांवर बांधली जातात. त्यामुळे पेट्रोल-डिझेल निवडीस फारसा वाव राहत नाही. विकत घेणे की सहलीपुरते भाड्याने घेणे, हाच येथील खरा प्रश्न असतो. जळगावहून अजिंठा किंवा तोरणमाळ अशा वर्षातील मोजक्या सहलींसाठी मालकीचा घसारा सोसणे भाड्यापेक्षा महाग पडू शकते.

आयुष्याच्या अखेरीचे मूल्य

वाहन नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्रास दिल्यास प्रमाणपत्र मिळते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय धोरणानुसार नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मोडीचे मूल्य आणि नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत अपेक्षित आहे. या टप्प्यावर इंधनाच्या प्रकाराने पडणारा फरक जवळजवळ संपलेला असतो. म्हणूनच वाहन दहा-पंधरा वर्षे वापरण्याचा विचार असणाऱ्यास पुनर्विक्री मूल्यापेक्षा खरेदीची किंमत, वार्षिक धाव आणि देखभालखर्च अधिक निर्णायक ठरतात. चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्यास मात्र विक्रीच्या दिवशी कोणत्या इंधनाला मागणी असेल, हा अंदाज टाळता येत नाही.

हेही पाहा

घसारा
ऱ्हासमान शेष पद्धत
डिझेल इंजिन
भारत स्टेज मानके
मोटार विमा
खानदेश